ताईच्या प्रोग्राममधलं ‘थांब’

ऑफिस रायपुरातून नव्या राजधानीत गेलं तेव्हापासून माझा दिवस बसमध्ये सुरू व्हायचा आणि बसमध्येच संपायचा. पुरानी बस्तीतून रिक्षानं चौकापर्यंत, तिथून कर्मचाऱ्यांची बस, आणि मग ते रुंद, रिकामे रस्ते. दुतर्फा लोखंडी जाळीत उभी असलेली रोपं, पलीकडे धानाची शेतं, आणि मधूनच एखादी एवढी मोठी इमारत की आत कोणी काम करत असेल असं वाटायचंच नाही. आमची इमारतही तशीच. फाईल घेऊन एका टोकाहून दुसऱ्या टोकाला निघालेला शिपाई मध्ये कुठेतरी खुर्ची बघून दम खायचा. मी पन्नाशीला टेकले होते, गुडघे बोलायला लागले होते, आणि घरी गेल्यावर मुलगा मराठीतल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर देऊन आपल्या खोलीत जायचा. तेवढंच बोलणं व्हायचं.

आमच्या शाखेकडे दूरच्या ब्लॉकांमधल्या, म्हणजे तालुक्यांमधल्या, मुलींच्या वसतिगृहांचं काम होतं. कुठल्या मुलीला कुठल्या वसतिगृहात जागा मिळणार हे एक जुना प्रोग्राम ठरवायचा. गाव किती लांब, शाळा कुठली, आईवडील आहेत की नाहीत, असं सगळं बघून तो यादी काढायचा. हा प्रोग्राम छत्तीसगढ राज्य नवं होतं तेव्हा लिहिला गेला. तेव्हा आमचं ऑफिस जुन्या रायपुरातच होतं. एका खोलीत दोन कॉम्प्युटर, एक कूलर, आणि त्या कूलरच्या आवाजावर आवाज चढवून बोलणारी ताई.

ताई माझ्याहून बरीच मोठी. यवतमाळकडची, लग्न होऊन रायपूरच्या तात्यापाऱ्यात आलेली. मी नोकरीला लागले तेव्हा तिच्या हाताखाली होते, पण पहिल्या वर्षातच अहो-जाहो सुटलं. तिच्या डोक्यात सगळा प्रोग्राम उभा असायचा. व्हेरिएबलना ती इंग्रजी नावं द्यायची नाही. कारण साठवायचं असेल तर ‘काहून’, मुलीचा गट असेल तर ‘पोट्टी’, जागा मिळाली की ‘भेटली’. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली वऱ्हाडी. कॉमेंट लिहायची नाही. मी विचारलं की म्हणायची, “कायले लिहू? मी हाय ना सांगाले.”

आम्ही दोघी तीन-चार वर्षं एकत्र होतो, मग माझी बदली दुसऱ्या शाखेत झाली. ताई निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. निवृत्तीनंतर थोड्याच काळात तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, ती हळूहळू थोडी सावरली. शब्द मात्र गेले. समोरचा काय म्हणतो ते तिला बहुतेक कळायचं. तिला जे म्हणायचं ते तोंडापर्यंत यायचं आणि तिथे भलताच शब्द उभा असायचा. नाहीतर नुसतं ‘हे... हे...’ एवढंच.

मी परत त्या शाखेत आले ती ऑफिस नव्या राजधानीत हलल्यावर. माझ्या टेबलावर ताईचाच प्रोग्राम आला, आणि त्याच्यासोबत एक जुनी तक्रार. दर वर्षी काही मुलींचे अर्ज लटकून राहायचे. त्या ना निवडलेल्या मुलींमध्ये असायच्या, ना नाकारलेल्यांमध्ये. स्क्रीनवर त्यांच्या नावापुढे काहीच यायचं नाही. ज्यांचे वडील किंवा काका रायपूरपर्यंत येऊन उभे राहायचे, त्यांचं काम बाबू लोक हातानं करून टाकायचे. बाकीच्या मुली वाट बघत घरी बसायच्या, आणि वाट बघता बघता शाळेचं वर्ष जायचं.

आमचे साहेब तरुण होते, बाहेरच्या राज्यातून आलेले, माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला बोलावून विचारलं की हे असं का होतं. मी म्हटलं, ज्यांनी लिहिलं त्यांना बोलता येत नाही, आणि ज्यांना बोलता येतं त्यांना वाचता येत नाही. ते हसले नाहीत. कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांनी ऐकलं होतं की परदेशातल्या एका विद्यापीठाच्या पानावर सॉफ्टवेअरची प्रायोगिक साधनं सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. “कुछ डालना नहीं है मशीन में, ब्राउज़र में ही चलता है,” ते म्हणाले. “आप ट्राय करके देखिए.” मुलींची नावं-नंबर काहीही तिथे टाकायचं नाही, फक्त प्रोग्रामचा तर्क टाकायचा, एवढं मी त्यांच्याकडून ठरवून घेतलं आणि टेबलाशी येऊन बसले.

ते पान उघडलं की वरच लिहिलेलं असायचं: ही साधनं संशोधनासाठी आहेत, कुठलीही हमी नाही, कधीही बंद पडू शकतात. बंद पडण्याचं वचन त्यांनी चोख पाळलं. आमच्या इमारतीतलं इंटरनेटही तसंच. मी कोड चिकटवायचे, बटण दाबायचे, एक गोल फिरत राहायचा, आणि चहा गार झाल्यावर कळायचं की उत्तर येणार नाही. पुन्हा पहिल्यापासून.

खरी अडचण त्याहून साधी होती. ताईचा प्रोग्राम ज्या भाषेत होता, ती भाषा त्या साधनांपैकी एकालाही येत नव्हती. ती भाषा आता कोणी शिकवतही नाही. म्हणून मी एकेक तुकडा त्यांना समजेल अशा नव्या भाषेत हातानं उतरवायला बसले. रोज थोडं. डोळे दुखायचे, मान दुखायची, आणि उतरवताना मीच काही चूक करून ठेवली तर शोधणार कुठे, ही भीती. शेजारच्या टेबलावरचे लोक विचारायचे, काय करून राहिल्या मॅडम, एवढं काय टाइप करता. मी म्हणायचे, ताईचं अक्षर सुधारून राहिले.

पहिलं साधन असं होतं की कोड दिला की तो काय करतो ते एका वाक्यात सांगायचं. मी त्याला ताईचा सगळ्यात गुंतागुंतीचा तुकडा दिला. त्यानं सांगितलं: ‘हा भाग यादीतल्या गोष्टींवर प्रक्रिया करतो.’ दुसरा तुकडा दिला, तरी तेच. आमच्या सगळ्या सरकारी कामाचं वर्णन त्या एका वाक्यात बसलं असतं.

दुसरं साधन व्हेरिएबलना चांगली नावं सुचवायचं. ताईच्या ‘पोट्टी’ला त्यानं ‘पॉट’ सुचवलं, म्हणजे भांडं. ‘काहून’ त्याला अजिबातच उमगलं नाही. आणि एक ‘थांब’ नावाचा व्हेरिएबल होता, त्याला ते अंगठा समजलं आणि म्हणालं, स्पेलिंग चुकलेलं दिसतं, ‘थंबनेल’ ठेवावं का?

त्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन ताईकडे गेले. तात्यापाऱ्यात दुकानांच्या मागच्या गल्लीत तिचं घर, खाली कापडाच्या दुकानदाराचं गोडाऊन आणि वर हे दोघं. तिचे यजमान रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. मी त्यांना भाऊजी म्हणते. त्यांनीच दार उघडलं. “ये वं बाई, ये. सकाळपासून दाराकडे पाहून राहिली हे.” ताई खिडकीजवळच्या पलंगावर उशीला टेकून बसली होती. केस भाऊजींनी विंचरलेले दिसत होते, भांग एका बाजूला गेला होता.

येण्याआधी मी मनाशी ठरवलं होतं की तिच्यावर प्रश्नांचा भार टाकायचा नाही. नुसतं दाखवायचं. आणखी एका साधनानं तिच्या कोडचं चित्र काढून दिलं होतं, चौकोन आणि बाण, ते मी स्क्रीनवर उघडलं. तिनं थोडा वेळ पाहिलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. मला वाटलं, आपण चूक केली. मग तो ‘थंबनेल’चा किस्सा सांगितला. तिच्या तोंडाची डावी बाजू हलली, खांदे हलायला लागले. ती हसत होती. भाऊजी आतून हात पुसत आले, त्यांना वाटलं ठसका लागला. त्यांनाही सांगितलं, तेही हसले. चहा झाला. ताई थकली, डोळे मिटले. मी लॅपटॉप बंद करून निघाले. जिना उतरताना भाऊजी म्हणाले की हसली बऱ्याच दिवसांनी, पण एवढं हसली की आता दोन दिवस तिचं सगळं दुखेल. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसती थकलेली माहिती होती. मग तेच म्हणाले, “येत जा.”

राहिलं होतं शेवटचं साधन. ते सगळ्यात बेभरवशाचं, आठवड्यातून एखाद्या दिवशीच धड चालायचं. त्याचं काम असं, की ते स्वतःच खोट्या नोंदी तयार करून प्रोग्राममध्ये सोडायचं आणि कुठली नोंद कुठल्या वाटेनं कुठे पोचते ते बघायचं. माझा तोपर्यंत निवडीचा पूर्ण भाग उतरवून झाला होता. एका दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, ते साधन एकदाचं चाललं. खोट्या मुली आत सोडल्या. बहुतेक सगळ्या ‘भेटली’ किंवा ‘नाही भेटली’ इथे जाऊन पोचल्या. काही कुठेच पोचल्या नाहीत. साधनानं खाली लाल अक्षरात लिहिलं, की अमुक ओळीवर ‘थांब’ची किंमत एक होते, आणि ती परत शून्य होण्याची वाट प्रोग्राममध्ये कुठेच नाही. त्यापुढे जाता येत नाही.

मी ती ओळ काढून बघितली. ताईनं काही ब्लॉकांचे नंबर लिहून ठेवले होते. मुलगी त्यातल्या ब्लॉकची असेल तर थांब. बस. का थांब, कधीपर्यंत थांब, काही नाही.

माझा पहिला विचार असा झाला की ही चूक आहे, आणि ती ताईची आहे, आणि मी ती साहेबांना सांगायची आहे. फार वाईट वाटलं. आयुष्यभर नीट काम केलेल्या बाईची, जी आता स्वतःच्या बाजूनं एक वाक्य बोलू शकत नाही, तिची चूक एका ब्राउझरमधल्या बटणानं शोधून द्यावी, आणि बटण मी दाबावं. संध्याकाळी बसमध्ये खिडकीला डोकं टेकून मी ठरवलं की आधी तिला विचारायचं. उत्तर मिळालं नाही तरी विचारायचं.

पुढच्या रविवारी ताई जरा बरी होती. मी तिच्या डाव्या बाजूला बसले, कारण त्या बाजूचं तिला जास्त समजायचं. स्क्रीनवर ती एकच ओळ ठेवली, अक्षरं मोठी करून. ब्लॉकांच्या नंबरांवर बोट ठेवून म्हटलं, “ताई, हे तूच लिहिलं ना? या पोरींना थांब म्हटलं. काहून?”

तिनं ओळ वाचली. वाचली असं मला वाटलं, कारण डोळे डावीकडून उजवीकडे गेले आणि परत आले. मग तिचा चेहरा ताणला गेला. ओठ हलले. ‘हे... हे...’ झालं. डाव्या हाताची बोटं चादरीवर पसरली, आणि एकदम स्पष्ट म्हणाली, “पाणी.”

भाऊजी लगेच उठले, माठातलं पाणी घेऊन आले. तिनं मान फिरवली. “आत्ता तर मागून राहिली होती,” ते म्हणाले, आणि पेला पुन्हा तिच्या ओठांशी नेला. तिनं डाव्या हातानं तो ढकलला. पाणी चादरीवर सांडलं. ती पुन्हा म्हणाली, “पाणी.” भाऊजींनी सुस्कारा सोडला, फडकं आणायला गेले. हे त्यांच्या घरात रोजचंच असावं. म्हणायचं एक, निघायचं दुसरं, आणि दोघांनी दमून जायचं.

ताईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रागाचं होतं ते. ती माझ्याकडे बघत होती आणि ओल्या चादरीवर हात एकीकडून दुसरीकडे ओढत होती. आडवा. पुन्हा पुन्हा.

मी स्क्रीनकडे पाहिलं. नंबर म्हणजे नुसते नंबर होते, पण या कामात इतकी वर्षं काढल्यावर नंबरामागचं नाव आपोआप येतं. मी एकेक ब्लॉक मनात म्हणून पाहिला. सगळे दक्षिणेकडचे आणि टोकाचे. पावसाळ्यात नदी-नाल्यांना पूर आला की त्यांचा रस्ता तुटायचा, कधी महिना, कधी त्याहून जास्त. वसतिगृहात हजर होण्याची तारीख नेमकी त्याच दिवसांत पडायची. तारखेला मुलगी आली नाही की जागा दुसरीला.

“ताई, पुराचं पाणी? रस्ता बंद राहायचा म्हणून त्यांची जागा तू धरून ठेवायची?”

“नाही,” ती म्हणाली. “नाही, नाही, नाही.” आणि माझं मनगट तिनं डाव्या हातात एवढं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

मी गोंधळून भाऊजींकडे बघितलं. ते फडकं हातात घेऊन दारात उभे होते. म्हणाले, “ते हव म्हणून राहिली. तिचं नाही म्हणजे हव हाय आता.”

मग मला जुन्या ऑफिसातल्या त्या दुपारी आठवल्या. पाऊस ओसरला की ताई फोन घेऊन बसायची. टेबलावरच्या काळ्या फोनवरून ब्लॉकच्या ऑफिसांना लावायची. लागायचा नाही, पुन्हा लावायची. छत्तीसगढीत विचारायची की रस्ता खुल गे का, नाव चलत हे का. नाव म्हणजे होडी. एखाद्या ठिकाणाहून हो आलं की कॉम्प्युटरवर जाऊन काहीतरी करायची. मी तेव्हा नवीन होते, मला वाटायचं तिला लोकांशी बोलायला आवडतं. ती प्रोग्रामनं धरून ठेवलेल्या मुलींना एकेका ब्लॉकनुसार हातानं सोडत होती. ‘थांब’ शून्य करण्याची वाट प्रोग्राममध्ये नव्हती, कारण ती वाट स्वतः ताई होती. ती निवृत्त झाली त्यानंतर धरणं चालू राहिलं, सोडणारं कोणी उरलं नाही.

मी हे सगळं तिला मोठ्यानं सांगितलं, बरोबर आहे का विचारायला. सांगता सांगता मधेच मला उमगलं की हे ऐकून तिला काय वाटेल. ज्या मुलींची जागा जाऊ नये म्हणून तिनं ती ओळ लिहिली, त्याच मुली त्या ओळीमुळे इतकी वर्षं अडकून पडल्या होत्या. हे मी बोलले नाही. पण ताईची बुद्धी गेली नव्हती, शब्द गेले होते. तिनं माझं मनगट सोडलं, हात ओल्या चादरीवर पडू दिला आणि डोळे मिटले. खाली गोडाऊनमध्ये पंडरीच्या कापडबाजारातून आलेले गठ्ठे उतरवण्याचा आवाज येत होता.

निघताना मी म्हटलं, “या वर्षी मी सोडते त्यांना. तू काळजी नको करू.” तिनं डोळे उघडले नाहीत.

सोमवारी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, “मैडम, इसको गलती लिखें या क्या लिखें?” शेवटी त्यांनी फाईलवर लिहिलं की ही तरतूद होती, तिच्या अंमलबजावणीची व्यवस्था राहून गेली. सरकारी भाषेला मी आयुष्यभर नावं ठेवली, पण त्या दिवशी तिचे आभार मानले.

त्या वर्षी मुली मी सोडल्या. सांगायला एवढंच आहे, करायला संपूर्ण मोसम गेला. काळा फोन आता नव्हता, सगळ्यांकडे मोबाईल होते, तरी लागायचा नाही तो लागायचाच नाही. वसतिगृहाच्या अधीक्षिका बदलून गेलेल्या, ब्लॉकच्या बाबूंचे नंबर बदललेले. कोणी विचारायचं, आपण कोण, कुठल्या आदेशानं विचारता. कोणी म्हणायचं, रस्ता कधीचा सुरू झाला, तुम्ही आज विचारता? आणि मी मुलीचं नाव घेतलं की कधी उत्तर यायचं की आली आहे, बाहेर बसली आहे. कधी यायचं की ती तर मजुरीला गेली आईबरोबर. एकदा आलं की तिचं लग्न लावून दिलं. मी ‘अच्छा’ म्हणून फोन ठेवायचे आणि पुढचा लावायचे. संध्याकाळी बसमध्ये जागा मिळाली की गावाच्या वेशीपर्यंत झोप लागून जायची. ताईनं हे दर वर्षी कसं केलं असेल, न सांगता, हा विचारही करायची ताकद उरायची नाही.

मध्ये त्या संशोधकांच्या पानावर एक विचारणा यायला लागली, की आमची साधनं वापरून तुमचा अनुभव कसा होता ते कृपया लिहा. मी लिहिलं. खरं तेच लिहिलं: पहिल्याचा उपयोग झाला नाही, दुसऱ्यानं हसवलं, शेवटच्यानं कुठे अडलं ते बरोबर दाखवलं, का अडलं ते दाखवलं नाही, ते विचारायला माणसाकडे जावं लागलं. तिकडून एका विद्यार्थिनीचं उत्तर आलं. तिला जाणून घ्यायचं होतं की ‘थांब’ म्हणजे काय. मी अर्थ कळवला आणि थोडक्यात पुराची गोष्टही. तिनं लिहिलं की आमचं साधन अशी ओळ चूक म्हणूनच मोजतं, याचा आम्ही विचार करू. पुढे ते पान उघडेना. विद्यार्थिनी शिकून निघून गेली असेल.

साहेबांची बदली झाली. जाण्याआधीच वरून ठरलं होतं की जुना प्रोग्राम बंद करायचा आणि बाहेरच्या कंपनीकडून नवा घ्यायचा. नवा तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी पहिल्याच दिवशी त्या टोकाच्या ब्लॉकांमधल्या खोट्या मुली आत घातल्या. तारीख उलटली, त्यांच्या जागा गेल्या. मी तसं लिहून कळवलं. उत्तर आलं की प्रणाली ठरल्याप्रमाणेच चालत आहे. मी पुन्हा कळवलं. पुढच्या टप्प्यात बघू, असं आलं. नव्या साहेबांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, नदी, रस्ता, सगळं. ते म्हणाले, हे आधी का नाही सांगितलं? मी म्हटलं, सांगितलं होतं, ज्यांना सांगितलं ते आता इथे नाहीत. ते वर्ष तसंच गेलं. काही मुलींच्या जागा गेल्या. मी फोन करून, विनंत्या करून, थोड्या परत मिळवल्या, सगळ्या नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी अखेर नव्या प्रणालीत एक चौकट आली. वसतिगृहाच्या अधीक्षिकेनं तिथे खूण केली की मुलीची जागा रस्ता सुरू होईपर्यंत राहते, आणि रस्ता सुरू झाला की तिनंच खूण काढायची. नीट विचार केला तर ताईच्या पद्धतीपेक्षा हे बरं होतं, कारण रायपुरातल्या कोणा एका बाईच्या फोनवर ते अवलंबून नव्हतं. मी ताईला जाऊन सांगितलं. स्क्रीनवर चौकट दाखवली. तिनं बघितलं, मग भाऊजींकडे बघून काहीतरी म्हणाली, मला ते कळलं नाही. भाऊजींना कळलं की नाही कोण जाणे, पण ते म्हणाले, “चहा ठेवून राहिलो, थांब जरा.” आम्ही चहा प्यायलो. कामाविषयी पुन्हा काही बोललो नाही. भाऊजींच्या तब्येतीचं बोललो, त्यांच्या मुलाचं बोललो. तो त्यांना बंगळुरूला घेऊन जायचं म्हणत होता, आणि त्या नव्या गावात ताईचं ‘नाही’ कोणाला कळणार, ही भाऊजींची काळजी होती.

पावसाळ्यानंतरच्या एका दुपारी मला एका अधीक्षिकेचा फोन आला, फार लांबून. तिला ती खूण काढायची होती आणि चौकट कुठे आहे ते सापडत नव्हतं. मी तिला सांगत गेले, वरच्या पट्टीत तिसरं, आता खाली या, आता मुलींची नावं दिसतील. तिच्यामागे खूप मुलींचा आवाज होता, कोणीतरी बादली ओढत होतं. “हव, मिल गे,” ती म्हणाली. मग एकेक नाव वाचत तिनं खुणा काढल्या. मी फोन कानाला धरून ऐकत बसले. ती चौकट तिथे कशी आली ते तिनं विचारलं नाही, आणि मला सांगायचं होतं की नाही ते माझं मला ठरवता येण्याआधीच नेटवर्क गेलं. बस सुटायला थोडा वेळ होता. मी टेबलावर डोकं ठेवलं आणि तेवढा वेळ झोपले.